परत फिरणारी रेघ

एक होतं अमरावती शहर. शहरात एक कॉलेज, कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक काळी खोली. त्या खोलीची किल्ली जिच्या कमरेला लटकायची ती मी, मैनाबाई. माझी अक्षराशी ओळख नाही. तिथं विभागाचे प्रमुख, आमचे हेडसर होते, सामान सांभाळणारे नत्थुजी होते, भातकुलीहून एसटीने येणारी माधवी नावाची पोरगी होती. आणि पुष्कळ वर्षांनी माझी नात पौर्णिमा तिथं शिकायला आली. एवढीच माणसं. याहून जे कोणी त्या खोलीत होतं त्याला माणूस म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

भुताखेतावर माझा विश्वास नाही. आमच्या घरातले देव माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली नदीत सोडले, तेव्हापासून घरात ना देव्हारा ना भुताची भीती. दसऱ्याला आम्ही नागपूरला जातो. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, कॉलेजातल्या यंत्रांना हळदीकुंकू लावायची ताटं मात्र मीच भरत होते. नोकरी म्हणून. तीस वर्षं.

चार वर्षांपूर्वीची खांडेनवमी. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पौर्णिमा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती आणि त्या दिवशी सकाळी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. पोरगी घाईघाईत गेली आणि जर्नल घरातच, शिलाई मशीनवर पडलेलं. त्या वहीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, हे मला माहीत. पदर खोचला, वही पिशवीत घातली आणि ऑटोत बसले.

रस्ताभर मला तिचं पाठांतर आठवत होतं. ती मोठ्याने वाचते, मी भाजी निवडता निवडता ऐकते. महिनाभर घरात वीज, चुंबक आणि भिंगं यांचीच बडबड. एकदा म्हणाली, "आजी, हे लय सोपं हाय वो. दाब भागिले अडथळा म्हंजे करंट. पाय कोरडे असले, पायात चप्पल असली, तर अडथळा मोठा, करंट एवढुसा. पाय वल्ले, अनवाणी, तर अडथळा कमी. मंग करंट वाढते. भागाकार हाय नुसता."

माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली.

"काहून वो आजी? काय झालं?"

"काई नाई. वाच तू."

भागाकार आहे नुसता. त्याच्याही सोळा वर्षं आधी, त्या काळ्या खोलीपाशी इतके शिकलेले लोक असताना, एकानेही तो करून पाहिला नव्हता.

कॉलेजात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. मैदान सामसूम, सुट्टीआधीच्या दिवशी असतं तसं. जिना चढले, वळले आणि प्रयोगशाळेच्या दाराशी माझे पाय थबकले.

दाराबाहेर चपला होत्या. वीस-पंचवीस जोड. ओळीने काढून ठेवलेल्या.

आता तुम्हाला सोळा वर्षं मागे नेते. त्याशिवाय त्या चपलांचं तुम्हाला काही वाटायचं नाही.

तेव्हाही खांडेनवमी होती. हेडसरांचा नेम असा, की पूजेच्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी पायताण घालून यायचं नाही. पोरं दाराशीच चपला काढायची. मी पहाटे येऊन फरशी धुवायची. सगळी यंत्रं टेबलावर मांडून, पुसून, ताटात ओलं कुंकू कालवून ठेवायची.

काळ्या खोलीत एक पिवळा दिवा होता. सोडियमचा म्हणतात. तो पेटायला वेळ लागे, आधी गुलाबी, मग हळूहळू पिवळाजर्द. त्याला वीज द्यायला खाली एक लोखंडी पेटी होती, ती गुरगुरायची. त्या पेटीच्या वायरीला तीन पायांची पिन होती आणि खोलीतला बोर्ड जुना, दोनच भोकांचा. नत्थुजींनी पिनेचा तिसरा, जाडा पाय करवतीने कापून टाकला होता. काम भागलं. दोन महिने मी ती पेटी पुसताना माझ्या बोटांना झिणझिण्या येत होत्या.

मी नत्थुजींना सांगितलं. नत्थुजींनी हेडसरांना सांगितलं. हेडसर सगळ्यांसमोर हसले. "मैनाबाई, खरं सांगा, अंगात येतं की काय तुमच्या?" पोरं हसली. मीही हसले.

माधवी हसली नव्हती. ती म्हणाली, "बाई, उद्या पाहू आपुन. मले दाखवजा."

अशी होती ती. सावळी, बारीक, दोन वेण्या. तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तर मी तिला लॅबमधली टाकाऊ तांब्याची तार दिली. तिने तो तारेने असा बांधला, की नत्थुजी म्हणाले, "पोट्टी चांभाराले मागं टाकीन." एकदा तिने मला त्या पितळी दुर्बिणीच्या यंत्राशी बसवलं. त्या यंत्रात मधे काचेचा तिकोनी तुकडा ठेवतात. म्हणाली, "डोया लावा बाई. पिवळी रेघ दिसते? आता मी काच फिरवतो. एकाच बाजूनं फिरवून राह्यली, पाहा."

रेघ सरकत गेली, सरकत गेली, थांबली. आणि उलटी फिरली.

"अव माय," मी म्हणाले, "तू तं एकाच बाजूनं फिरवून राह्यली न?"

"हो ना बाई. आपुन एकाच बाजूनं जातो, थे परत येते. जथी थांबते तथीच वाचन घ्याचं."

खांडेनवमीला तिचं तेवढंच एक वाचन राहिलं होतं. हेडसर तिला म्हणाले, "जा माधवी, वाचन घेऊन टाक. आत आहेस तर त्या पेटीलाही हळदीकुंकू लाव." मला म्हणाले, "मैनाबाई, उघडा खोली." बाकीची पोरं पलीकडे रांगोळी काढत होती. हे ऐकलं ते मी एकटीनं. मीच दार उघडून दिलं. आतली फरशी मीच पुसली होती, ओलीच होती. कुंकवाचं ताट तिच्या हाती मीच दिलं. ती अनवाणी आत गेली. मी बाहेर फुलं वेगळी करत बसले.

आतून आवाज आला, आनंदाचा. "बाई, थांबली रेघ!"

मग काहीतरी पडल्याचा. ताटाचा, असं मला वाटलं.

दुपारी हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक कागद पुढं केला. म्हणाले, "फरशी तुम्ही पुसली, खोली तुम्ही उघडली. नाव तुमचंच येईल मैनाबाई. यात फक्त एवढंच लिहिलंय की पोरगी तुम्हाला पडलेली दिसली. लावा अंगठा."

मी लावला. वाचून दाखवा, एवढंसुद्धा म्हणाले नाही.

संध्याकाळी सगळी पोरं आपापल्या चपला घालून गेली. दाराशी एक जोड उरला. तार बांधलेला. तो घ्यायला तिचे वडील आले, खुशालराव. चपला छातीशी धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, कागदात लिवलं हाय म्हनते, का माही पोट्टी परवानगी न घेता आत घुसली. तुमी हटकलं, तरी आयकलं नाई तिनं. खरं हाय का वो?"

तेव्हा मला कळलं, माझ्या अंगठ्याने काय सांगितलं ते. हेडसर मागे उभे होते. मी खाली पाहिलं. फरशी पाहिली. खुशालराव वाट पाहून निघून गेले.

त्या दिवसापासून माझ्या उजव्या अंगठ्याला गरम-गार कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एका अंगठ्याचं वय झालं.

तर त्या चपला ओलांडून मी आत गेले. चप्पल काढूनच गेले, सवय मेली. प्रयोगशाळेत फिनेलचा, हळदीचा, झेंडूचा वास. हेडसर आता प्रिन्सिपॉल झालेले, पूजेला यायचेच होते. शिकवणाऱ्या बाई नव्या, तरुण. त्यांना काही ठाऊक नाही.

"पौर्णिमा डार्करूममध्ये आहे आजी, वही येईल म्हणाली म्हणून बसू दिलं," त्या म्हणाल्या. "तिचं वाचन झालं की तिथल्या दिव्यालाही हळदीकुंकू लावायला सांगितलंय."

पिशवी तिथंच टाकली. मी काळा पडदा बाजूला केला.

आत पिवळा उजेड. त्या उजेडाची एक खोड आहे, तीस वर्षांत मला पाठ झालेली. त्यात दुसरा रंगच राहत नाही. माझं हिरवं लुगडं राखेसारखं झालं. पौर्णिमाचा चेहरा मेणासारखा. टेबलावर कुंकवाचं ताट होतं, त्यातलं कुंकू काजळासारखं काळं. लाल म्हणून काही त्या खोलीत दिसतच नाही. पेटी गुरगुरत होती. पायाखाली गार लागलं. फरशी ओली होती.

पौर्णिमा दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. डाव्या हाताने काच फिरवत होती. उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवून वर धरलेलं. काळं बोट.

"आजी? जर्नल आनलं का? थांब... रेघ सरकून राह्यली."

"पौर्णिमे, हात माघारी घे," असं मला म्हणायचं होतं.

पण तिच्या पलीकडे, पेटीपाशी, आणखी एक जण वाकून उभी होती.

दोन वेण्या. तोंड खाली. आधी वाटलं, असेल वर्गातली कोणी. मग तिने हात पुढे केला आणि तिच्या बोटाच्या टोकाला कुंकू दिसलं. लाल. त्या उजेडात लाल. ताज्या जखमेसारखं लाल.

तिने पौर्णिमाचं मनगट धरलं. अगदी हलकेच, आई लेकराला अक्षर गिरवायला धरते तसं. आणि दोन्ही हात मिळून पेटीकडे निघाले. घाई नाही. सरकत, सरकत. दुर्बिणीतली रेघ सरकते तसे.

"आजी..." पौर्णिमाने डोळा काढला नाही, पण तिचा आवाज बदलला. "माहा हात... कोन धरला वो?"

माझे पाय उचलत नव्हते. बटण त्या दोघींच्या पलीकडे. पेटीची गुरगुर वाढत गेली आणि त्या गुरगुरीतून आवाज आला. सोळा वर्षांत तसूभर न बदललेला.

"बाई... मी घुसली होती का वो? परवानगी न घेता?"

हात दोन बोटं दूर.

"तुमी हटकलं होतं का वो मले..."

मी ओरडले. इतकं मोठ्याने, की खालच्या मैदानापर्यंत गेलं असेल.

"नाई! नाई माय, तू नाई घुसली! सरानं पाठवलं तुले! पेटीले कुंकू लाव म्हनलं, म्या आयकलं! दार म्या उघडलं. म्या नाई हटकलं तुले, कोनीच नाई हटकलं. त्या पेटीत करंट येते हे दोन महिन्यांपासून आमाले सगळ्याईले ठावं होतं. म्या खोटा अंगठा देला. तुह्या बापाले म्या तोंड उचकटून एक शब्द नाई सांगतला!"

हात थांबले. पेटीपासून एका नखावर थांबले. तसेच राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

मग उलटे फिरले.

पौर्णिमा स्टुलावरून मागे माझ्या अंगावर पडली. ताट खाली गेलं, तोच आवाज. मागून कोणीतरी पडदा ओढला आणि पांढरं ऊन आत आलं. पडद्यात हेडसर उभे होते, हातात पूजेचा नारळ. त्यांच्या मागे वीस-पंचवीस पोरं, त्या नव्या बाई आणि नत्थुजी. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. पेटीपाशी कोणी नव्हतं.

हेडसर शांतपणे म्हणाले, "आजीबाईंना चक्कर आलेली दिसते. पाणी द्या त्यांना."

पौर्णिमा उठली. "सर, पाणी राहू द्या. पिन पाहा, अर्थिंग आहे का."

कोणी हललं नाही. शेवटी नत्थुजींनी लाकडी पट्टीने बटण पाडलं, पिन ओढली आणि तळहातावर धरली. दिवा नवा होता. पेटी नवी होती. पिनही नवी होती, तीन पायांची. तिसरा पाय करवतीने कापलेला.

"बोर्ड तोच हाय न," नत्थुजी म्हणाले, कोणाकडेच न पाहता. "अर्ज देल्ला होता म्या. सोळा वर्सं झाले."

घरी येताना ऑटोत मी पौर्णिमाला विचारलं, तुला ती दिसली का. म्हणाली, नाही, फक्त हात. थंड, आणि बारीक झिणझिण्या येत होत्या. मी तिला कुंकवाचं सांगितलं.

"आजी, सोडियमच्या उजेडात लाल दिसतच नाई. दिसूच शकत नाई. त्या उजेडात लाल नसतेच मुळी, तं परत कुठून येईन?"

"मले काय ठावं," मी म्हणाले. "तू शिकलेली."

दसऱ्यानंतर पौर्णिमाकडून मी दुसरा कागद लिहून घेतला. जे झालं ते सगळं, माझ्या नावासकट. दोनदा वाचून घेतला. मग अंगठा लावला. शाई गार लागली. सोळा वर्षांनी त्या अंगठ्याला काहीतरी गार लागलं.

एक प्रत घेऊन आम्ही भातकुलीकडे त्यांच्या गावी गेलो. खुशालराव ओसरीवर बसले होते, खूप वाकलेले. पौर्णिमाने वाचलं. ते ऐकत राहिले. मला वाटलं होतं, शिव्या देतील, अंगावर येतील. त्यासाठीच गेले होते मी.

"सोया वर्सं म्या त्या पोट्टीवर राग धरला," ते म्हणाले. "आयकत नाई, आयकत नाई म्हनून. तिचा फोटो नाई लावला भितीवर. मेलेल्या लेकराचा राग केला मी, बाई."

जाताना मी चपलांचं विचारलं. कशी जीभ वळली कोणास ठाऊक.

"त्या तिच्यासंगच जाळल्या. ठेवून काय कराव?"

कागद वर पाठवला. अजून वरच आहे. काळ्या खोलीतला बोर्ड मात्र बदलला, एका दुपारात. सोळा वर्षं न झालेलं काम एका दुपारात. हेडसर पुढच्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. भाषणं झाली म्हणतात. पौर्णिमाला प्रॅक्टिकलला काठावर पास केलं, का ते विचारायला नको.

पण दिवस फिरले. पोरगी शिकली, बीएस्सी झाली आणि गेल्या जूनमध्ये तिला अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. आमच्या घरातली पहिली, जिच्या नावाची पाटी टेबलावर आहे. दोन खोल्यांचं घर घेतलं, मला म्हणते, इकडेच ये. लोक म्हणतात, मैनाबाईचं नशीब उघडलं. उघडलं खरं. फक्त रात्री जेवताना वाटतं, हे ताट भातकुलीच्या ओसरीवरून उचलून आणलंय.

नोकरीवर गेल्या गेल्या पौर्णिमाने तिथल्या सगळ्या पिना तपासल्या. आणि एक नियम केला. पूजा असो की काही असो, तिच्या प्रयोगशाळेत कोणी अनवाणी यायचं नाही. चपला घालूनच यायचं. दाराबाहेर एक जोड दिसता कामा नये.

परवा पाच वाजता तिचा फोन आला. आवाज दबलेला.

"आजी... पोरी सगळ्या गेल्या. म्या सोता मोजल्या. दिवा बंद केला, पिन काढली. बाहेर आली, तं दाराशी एक जोड हाय."

"असतीन कोनाच्या. विसरली असंन."

"डाव्या चपलेले तार बांधली हाय, आजी. तांब्याची."

ती तार मी कोणाला सांगितली नव्हती. कागदातही नव्हती. पौर्णिमालाही नाही.

"हात नको लावू," मी म्हणाले. "आयकलं का? हात नको..."

पलीकडून बारीक गुरगुर तेवढी. फोनची असेल.

"लावला आजी," ती म्हणाली. "तार गरम हाय."